फोटो कोणाचा? आणि मी कोणाचा?

(ऑनलाइन ज्ञानकोशात लेखन कसं करावं, या विषयावरच्या युवा कार्यशाळेत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "विकिपीडियावर फोटो कसा चढवायचा, ते मुलांना दाखव." ते दाखवायला दहा मिनिटं पुरतात. चहानंतर आपण ते करूच. पण बटणं दाबायची घाई केल्यामुळे माझी जी फजिती झाली, ती आधी सांगतो. ती ऐकलीत तर तुमची काही वर्षं वाचतील.

माझं आजोळ मिरजेचं. मिरज म्हटलं की तुम्हाला रेल्वे जंक्शन आठवेल, दवाखाने आठवतील. गाण्याबजावण्यातल्या लोकांना मात्र सतार आणि तंबोरा आठवतो. पंढरपूरकडून येणारा भोपळा, त्यावर बसवलेला लाकडाचा दांडा, आणि घोडीवर कानस फिरवत फिरवत काढलेली जवारी. माझे नाना हेच काम करत. आता मामू करतात. दुकान लहान आहे, पण नानांच्या हातचे तंबोरे लांब लांब गेलेत.

दुकानात एक फोटो टांगलेला आहे. उरुसाच्या वेळी मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात संगीत सभा भरते, तिथला. १९७८ सालचा. एक मोठे गायक बसलेत, मागे तंबोरा आहे आणि कडेला नाना बसून तो तंबोरा ऐकतायत. गायकाकडे त्यांचं लक्षच नाही. आमच्या घरात या फोटोला फार मान आहे.

२०१७ साली मी पुण्यात नोकरीला होतो. मामूंच्या दुकानाची वेबसाइट मीच बनवून दिली होती. एका रात्री वाटलं, आता विकिपीडियावरही दुकानाचं पान असायला हवं. वेबसाइटवरचा मजकूर उचलला, "जगप्रसिद्ध", "सर्वोत्कृष्ट", "परंपरेचा मानबिंदू" हे सगळे शब्द ठेवले, खाली दुकानाचा फोन नंबर टाकला. नानांच्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो चढवला. तिथे प्रश्न येतो, हे काम कोणाचं? मी निवडलं, "माझं स्वतःचं काम". फोटो माझ्या मोबाइलने काढला होता ना!

दुसऱ्या दिवशी पानावर सूचना लागली. एका संपादकाने माझ्या चर्चापानावर विचारलं, "आपला या दुकानाशी काही संबंध आहे का?" मी उत्तर लिहिलं, "काहीही संबंध नाही. मी एक संगीतप्रेमी आहे."

इथे जमलेल्या लोकांसमोर हे सांगताना आजही लाज वाटते. मी खोटं बोललो होतो, आणि तेही ज्ञानकोशात.

दोन-तीन दिवसांत पान वगळलं गेलं. फोटोही गेला. मजकूर दुकानाच्या वेबसाइटवरून शब्दशः उचललेला आहे, फोटो जुन्या छापील फोटोवरून काढलेला आहे, आणि दुकानाबद्दल त्रयस्थ माणसाने लिहिलेला एकही संदर्भ नाही, अशी कारणं दिली होती. मी संतापून लिहिलं, "आम्ही मुसलमान आहोत म्हणून हे होतंय."

त्यावर त्या संपादकाने वाद घातला नाही. त्या दिवशी वगळलेल्या पानांची यादी बघा, एवढंच लिहिलं. मी बघितली. एक कोचिंग क्लास होता, एक बिल्डर होता, एक होतकरू नट, एक नगरसेवक. सगळ्यांची कारणं तीच. मी लॅपटॉप मिटला आणि दीड वर्ष तिकडे फिरकलो नाही.

आपल्याला भेदभाव सोसावा लागत नाही, असं मी म्हणत नाही. घर भाड्याने घेताना तो मलाही भेटलाय. पण त्या दिवशी तो नव्हता. त्या दिवशी चूक माझी होती, आणि मी तिच्यावर समाजाची चादर पांघरली. तसं केलं की खरा भेदभाव सांगणाऱ्याचा आवाजसुद्धा हलका होतो.

पुढे मी नियम नीट वाचले आणि माझ्यापुरते दोन प्रश्न काढले. फोटो कोणाचा? आणि मी कोणाचा? आजचं सगळं भाषण या दोन प्रश्नांचं आहे.

पहिला प्रश्न. फोटो कोणाचा?

आपल्याला वाटतं, फोटो ज्याच्याकडे आहे त्याचा. किंवा ज्याचा चेहरा आहे त्याचा. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या दृष्टीने फोटोचा निर्माता म्हणजे फोटो काढणारा. प्रिंट विकत घेतली म्हणून हक्क येत नाही. पुस्तक विकत घेतल्याने आपण लेखक होत नाही, तसंच. फोटोचा फोटो काढला, स्कॅन केला, रंग भरले, तरी मूळ हक्क हलत नाही.

याला एक पोटनियम आहे, तो लक्षात ठेवा. तुम्ही पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे दादाजींनी स्टुडिओत जाऊन पैसे देऊन काढून घेतलेला फोटो आणि वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने सभेत टिपलेला त्यांचा फोटो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, दादाजींचा आणि त्यांच्यानंतर वारसांचा. दुसऱ्याचा बहुधा वर्तमानपत्राचा.

"पण फोटो खूप जुना आहे." जुना म्हणजे किती? पूर्वी फोटोंसाठी प्रसिद्धीपासून ६० वर्षं असा वेगळा हिशेब होता. २०१२च्या दुरुस्तीने ते कलम काढलं. आता फोटोलाही लेखन आणि चित्रांसारखीच मुदत आहे, निर्मात्याची हयात आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणून घरातला जुना फोटो हातात आला की आधी मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का, साल, कोणाच्या तरी हस्ताक्षरातली नोंद. ती नोंद म्हणजेच पुरावा. फ्रेम बदलताना आपण ती फाडून टाकतो.

"पण गुगलवर मिळाला." गुगल फोटो दाखवतं, देत नाही. व्हॉट्सअॅपवर आला म्हणून तो मोकळा होत नाही. आणि लपत तर मुळीच नाही. मी संगणकाचा माणूस आहे, म्हणून सांगतो. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या फोटोत कॅमेऱ्याचं नाव, तारीख, वेळ अशी माहिती दडलेली असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ती सहसा गळून गेलेली असते आणि फोटोचा आकारही लहान झालेला असतो. फोटोवरून फोटो शोधण्याची सोय आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. "माझं काम" म्हणून चढवलेला फोटो दुसरीकडे आधीच आहे, हे शोधायला अर्धा मिनिट लागतो.

आता विकिमीडिया कॉमन्सबद्दल. विकिपीडियातले बहुतेक फोटो या सामाईक भांडारातून येतात. ते २००४ साली सुरू झालं. तिथे फोटो देताना आपण एक मुक्त परवाना देतो. म्हणजे नाव दिलं की कोणीही तो वापरू शकतो, बदलू शकतो, पैसे कमावण्यासाठीही वापरू शकतो. "फक्त शैक्षणिक कामासाठी" किंवा "फक्त विकिपीडियासाठी" अशी अट तिथे चालत नाही. इंग्रजी विकिपीडियावर दिवंगत व्यक्तीचा मुक्त नसलेला लहान फोटो काही कडक अटींवर ठेवता येतो. कॉमन्सवर ती सवलतही नाही. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

हे शेवटचं वाक्य आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. मोहल्ल्यातल्या मुलांचा, मदरशातल्या मुलींचा, आपाच्या शिवणक्लासचा छान फोटो तुम्ही काढलात. कॉपीराइट तुमचाच, अगदी बरोबर. पण उद्या तोच फोटो कोणी एखाद्या भलत्याच बातमीवर लावला तर? परवाना तर तुम्ही देऊन बसलात. कायद्याने हक्क तुमचा असला तरी चेहरा त्यांचा आहे. म्हणून ज्यांचा चेहरा ओळखू येतो, त्यांना विचारा. नुसतं "फोटो काढू का?" एवढं पुरत नाही. "हा फोटो जगात कोणीही, कुठेही छापू शकेल, चालेल का?" असं विचारा. नाही म्हणाले तर नाही. लहान मुलांचे चेहरे तर टाकूच नका.

इमारतींचे फोटो मात्र मनसोक्त काढा. दर्गा, मशीद, जुना वाडा, ईदगाह, शाळा. आपला कायदा इमारतीचा फोटो काढू देतो. सार्वजनिक जागी कायमचा बसवलेला पुतळाही चालतो. भिंतीवर रंगवलेलं चित्र, फ्लेक्स, पोस्टर यांना ती सूट नाही. त्यात चित्रकाराचा हक्क येतो.

चित्रांचा मुद्दा निघालाच आहे, तर फातिमा शेख यांच्याबद्दल बोलतो. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी ९ जानेवारीला स्टेटस ठेवलेलं असणार. फातिमाबींचं आजच्या एखाद्या चित्रकाराने काढलेलं चित्र एकोणिसाव्या शतकातलं होत नाही. ते आजचंच असतं आणि हक्क त्या चित्रकाराचा असतो. २०२२ साली गुगलने त्यांच्यावर डूडल केलं, ते गुगलचं. उचलून कॉमन्सवर टाकता येणार नाही.

आणि चित्रापेक्षा मजकुराचं बघा. जानेवारी २०२५मध्ये "फातिमा शेख नावाची कोणी व्यक्तीच नव्हती" असा दावा झाला आणि मोठा वाद पेटला. तेव्हा उपयोगी काय पडलं? आपलं प्रेम नाही, आपले स्टेटस नाहीत. उपयोगी पडलं सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६चं पत्र. माहेरी आजारी असताना जोतिरावांना लिहिलेल्या त्या पत्रात फातिमाचं नाव आहे आणि ते पत्र समग्र वाङ्मयात छापलेलं आहे. अडचणीत कशाने आणलं? जन्मतारखेसारख्या ज्या गोष्टी आपण एकमेकांचं बघून पक्क्या मानल्या आणि ज्यांचा मूळ आधार कोणी दाखवला नाही, त्यांनी. एक कच्ची वीट काढून समोरचा म्हणतो, भिंतच खोटी. आपल्या माणसांवरचं प्रेम खरं असेल, तर त्यांच्याबद्दल कच्चं लिहू नका.

इथून दुसरा प्रश्न येतो. मी कोणाचा?

ज्याच्याबद्दल लिहितोय त्याचं मी काही लागतो का? नात्याने, नोकरीने, पैशाने, किंवा संघटनेचा कार्यकर्ता म्हणून? लागत असेन, तर माझे हितसंबंध गुंतलेले आहेत. याचा अर्थ मी खोटारडा आहे असा नाही. मला माझ्या माणसाची चूक दिसत नाही, एवढाच अर्थ आहे. मामू जवारी काढतात तेव्हा शेवटी स्वतः "झालं" म्हणत नाहीत. तंबोरा गायकासमोर ठेवतात आणि विचारतात, "बघा, लागतोय का?" मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "दिवसभर घासून घासून माझ्या कानाला तो गोडच लागतो."

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती तुमच्यावर फेकली जाईल. मुसलमान असणं म्हणजे हितसंबंध नव्हे. मराठी माणूस शिवाजी महाराजांवर लिहितो, इंजिनिअर संगणकावर लिहितो, तसं तुम्ही उर्दू शाळांवर, दखनी बोलीवर, मोहरमवर, दर्ग्यांवर, वक्फवर हक्काने लिहा. संदर्भ द्या, तटस्थ लिहा. "तू त्या समाजाचा, म्हणून लिहू नकोस" असं कोणी म्हटलं तर ते चूक आहे. पण तुमच्या अब्बांची शाळा, तुमच्या भाईचा पक्ष, तुमची कंपनी, आणि हो, आपली ही चळवळ, यांच्यावरचं पान तुम्ही बनवू नका. आपल्या शिबिरांचं कौतुक आपणच ज्ञानकोशात लिहायचं नसतं.

मग करायचं काय? गप्प बसायचं? नाही. दोन सरळ रस्ते आहेत. एक, आपल्या सदस्यपानावर नातं लिहून टाकायचं. दोन, लेखात थेट हात न घालता त्याच्या चर्चापानावर लिहायचं: "माझं या विषयाशी हे नातं आहे. लेखात ही चूक आहे, हा घ्या संदर्भ. योग्य वाटलं तर दुरुस्त करा." दुसरा कोणी तपासतो आणि बदल करतो. वेळ लागतो. पण तो बदल टिकतो.

पैसे घेऊन लिहिणार असाल तर जाहीर करणं ही नुसती सभ्यता नाही. २०१४पासून विकिमीडियाच्या वापराच्या अटींतच ते आहे. पैसे कोण देतंय, काम कोणासाठी आहे, ते सांगावंच लागतं. आपल्यातली बरीच मुलं फ्रीलान्स काम करतात, म्हणून सांगतो. "वीस-पंचवीस हजारांत विकिपीडियाचं पान करून देतो" अशा जाहिराती तुम्ही बघितल्या असतील. त्या कामात शिरू नका आणि अशा लोकांना पैसेही देऊ नका. २०१५मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली. ती टोळी लहान व्यावसायिकांना पान करून देतो म्हणून पैसे घ्यायची आणि नंतर ते पान राखण्यासाठी पुन्हा पैसे मागायची.

तुमच्या मनातला प्रश्न मला माहीत आहे. "आमच्या माणसांबद्दल कोणी लिहिलेलंच नाही, मग त्रयस्थ संदर्भ आणायचा कुठून?" हा प्रश्न खरा आहे. ज्ञानकोशातली पोकळी बऱ्याचदा वर्तमानपत्रांतल्या आणि पुस्तकांतल्या पोकळीची सावली असते. तिच्यावर उपाय नियम मोडणं हा नाही. आधी पोकळी भरा. जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घ्या, मासिकांत, दिवाळी अंकांत लेख पाठवा, गावाचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकाला आपल्या गल्लीत घेऊन या. ट्रंकेतली कागदपत्रं सांभाळा. ज्ञानकोश हा शेवटचा टप्पा आहे. आपण पहिल्या पायरीआधीच शेवटच्या पायरीवर उडी मारतो आणि पडलो की रडतो.

आता नानांच्या फोटोचं काय झालं, ते सांगतो.

२०१९च्या ईदला मिरजेला गेलो होतो. फोटो भिंतीवरून उतरवला, फ्रेम उघडली. मागे एका स्टुडिओचा शिक्का होता. स्टुडिओ केव्हाच बंद झालेला. फोटोग्राफर १९९९ साली वारले होते. म्हणजे २०५९ संपेपर्यंत फोटोचा हक्क त्यांच्या वारसांचा. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. मी गेलो आणि म्हणालो, "तुमच्या वडिलांनी काढलेला फोटो मी माझा म्हणून टाकला होता. माफी मागायला आलोय."

त्यांना आधी काही कळलंच नाही. मग म्हणाले, "अहो घ्या की, आम्हाला काय करायचाय." मी म्हटलं, तोंडी चालत नाही, परवानगी लेखी पाठवावी लागते. परवाना म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे उद्या कोणी याचं कॅलेंडर छापून विकलं तरी चालेल?" मी म्हटलं, "हो, कायद्याने चालेल." ते गप्प झाले. "ताईला विचारायला लागेल. ती इचलकरंजीला असते."

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. ताईंनी एकच गोष्ट विचारली होती, अब्बांचं नाव येणार का? मी सांगितलं, परवान्याची अटच ती आहे. जो कोणी फोटो वापरेल, त्याने तुमच्या वडिलांचं नाव द्यायचं. ते म्हणाले, "भाई, त्या माणसाने तीस वर्षं सभेचे फोटो काढले. एकाही फोटोखाली कोणी नाव लिहिलं नाही. लिहा तुम्ही." दोघा भावंडांनी परवानगीचा ईमेल पाठवला. तो तपासणाऱ्या स्वयंसेवकांनी एक-दोन प्रश्न विचारले. मग फोटो कॉमन्सवर राहिला.

आमच्या दुकानात चाळीस वर्षं तो फोटो होता. आम्हाला गायकाचं नाव पाठ, नानांचं नाव पाठ. फोटो काढणाऱ्याचं नाव आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हतं. "माझं स्वतःचं काम" हा पर्याय निवडला तेव्हा मी एका माणसाची आयुष्यभराची मेहनत खोडली होती. आपल्या घरांत लहानपणापासून सांगतात, दुसऱ्याची अमानत जपायची. फोटोही अमानतच असतो, हे मला तिशीत कळलं.

दुकानाचं पान आजही नाही, आणि मी ते बनवणार नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, म्हणजे त्रयस्थ संदर्भ तयार झाले. मी चर्चापानावर माझं नातं सांगून काही संदर्भ सुचवले. मला न ओळखणाऱ्या लोकांनी त्यातले काही घेतले, काही सोडले. जवारी काढताना मामूंच्या हातांचा एक फोटो मी काढला होता. नुसते हात, घोडी आणि कानस. मामूंना विचारून तो दिला, खाली नातं लिहिलं, दुकानाचं नाव टाकलं नाही. कोणीतरी तो एका लेखात लावला. मामूंना फोनवर दाखवला, तर म्हणाले, "कानस उलटी धरल्यासारखी दिसतेय. परत काढ." पुढच्या वेळी जाईन तेव्हा काढणार आहे.

चहानंतर फोन बाहेर काढा. तुम्ही स्वतः काढलेला, ज्यात कोणाचा चेहरा नाही, असा तुमच्या गावातला एक फोटो निवडा. शेजारच्याला दोन वाक्यांत सांगा, फोटो कोणाचा आहे आणि तुम्ही त्या विषयाचे कोण लागता. सांगता आलं की मग बटण दाबू.